सातपुड्यातला रानपिंगळा : हरवला कसा, सापडला कसा

अंकलेश्वरहून बऱ्हाणपूरकडे जाणारा रस्ता सातपुड्याच्या पायथ्यानं जातो. गुजरातमधलं सागबारा मागं पडलं की महाराष्ट्राच्या हद्दीत खापर येतं. पुढं अक्कलकुवा, तळोदा आणि मग शहादा. डाव्या हाताला डोंगर, उजव्या हाताला तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन. या पट्ट्यातल्या माणसांना हे वर्णन नव्यानं ऐकवायची गरज नाही. पण याच रस्त्यावरच्या तळोदा आणि शहादा या दोन नावांची नोंद परदेशातल्या संग्रहालयांत शंभराहून अधिक वर्षं जपून ठेवलेली आहे, हे इथल्याही पुष्कळांना ठाऊक नसेल. ती ज्याच्यामुळं झाली ते आहे वीतभर उंचीचं एक घुबड. त्याचं नाव रानपिंगळा.

साधा पिंगळा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचा. गावातल्या जुन्या झाडाच्या ढोलीत नाहीतर पडक्या भिंतीच्या भोकात तो राहतो. तिन्हीसांजेला विजेच्या तारेवर येऊन बसतो, आणि आपण थांबून पाहायला लागलो की मान खालीवर करत आपल्यालाच टकामका न्याहाळतो. या पक्ष्याची भाषा आपल्याला कळते असं सांगत भविष्य कथन करणारे पिंगळे पूर्वी पहाटे दारोदार यायचे. म्हणजे पक्ष्याचं नाव माणसांनाही चिकटलं. रानपिंगळा हा याच पिंगळ्याचा भाऊबंद. पण तो वस्तीला येत नाही. त्याला सागाचं विरळ, कोरडं, पानगळीचं रान लागतं.

दोघं दिसायला इतके सारखे, की घाईत पाहणाऱ्याची हमखास गल्लत व्हावी. म्हणून फरक नीट सांगतो. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढऱ्या ठिपक्यांची स्पष्ट पखरण असते. रानपिंगळ्याचा माथा जवळजवळ कोरा, ठिपके असलेच तर अगदी पुसट. त्याच्या पंखांवर आणि शेपटीवर रुंद, ठळक पट्टे असतात. छातीवर गडद तपकिरी रंग, आणि त्याखाली पोट पांढरंशुभ्र. डोकं मोठं, चोच दणकट आणि पाय पिसांनी भरलेले, जणू पांढरे लोकरी मोजे घातलेत. शिवाय घुबड असूनही तो दिवसा वावरतो. थंडीच्या दिवसांत सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसतो. दहाच्या पुढं त्याची हालचाल कमी होते.

शास्त्राच्या दप्तरात हा पक्षी १८७३ साली दाखल झाला. तो दाखल करणारे ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. होय, तेच ह्यूम, ज्यांचं नाव १८८५च्या काँग्रेसच्या स्थापनेशी जोडलेलं आहे. राजकारणात पडण्यापूर्वी ते हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे सर्वांत मोठे अभ्यासक होते, आणि त्यांनी जमवलेले पक्ष्यांचे नि अंड्यांचे नमुने ८० हजारांवर गेले होते. देशभरातले परिचित त्यांना पक्षी पाठवत. त्यांपैकी एफ. आर. ब्लेविट यांनी १८७२च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझर भागातून एक लहान घुबड मिळवलं. ह्यूमना ते निराळं वाटलं. त्यांनी ब्लेविट यांचंच नाव त्याला दिलं. पाच वर्षांनी व्हॅलेंटाइन बॉल यांना आजच्या ओडिशातल्या खरियार भागात दुसरा नमुना मिळाला.

यानंतर गोष्ट आपल्याकडे येते. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्यातले मुलकी अधिकारी. खानदेशात असताना कामाबरोबर त्यांनी पक्ष्यांचा अभ्यास केला. पश्चिम खानदेशातल्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी १८८२ साली ह्यूमच्याच ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापून आली. १८८०च्या दशकाच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यांनी तळोदा आणि शहादा भागातून रानपिंगळ्याचे नमुने गोळा केले. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत मिळून या पक्ष्याचे जेमतेम सात नमुने आहेत. त्यांतले बहुतेक डेव्हिडसन यांनी इथून नेलेले. शेवटचा खरा नमुना १८८४चा. त्यानंतर रानपिंगळा जणू रानात विरून गेला.

आता इथं संग्रहालयातल्या कामाबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. जुन्या काळी पक्षी मारून त्याचं कातडं सोडवत, आत कापूस भरत आणि पायाला एक चिठ्ठी बांधत. चिठ्ठीवर तीन गोष्टी असत. कुठं मिळाला, कधी मिळाला आणि कुणी मिळवला. नमुन्याचं सगळं मोल या चिठ्ठीत असतं. चिठ्ठी हरवली तर तो पक्षी म्हणजे कापूस भरलेलं एक खेळणं. आणि चिठ्ठी खोटी असेल तर ते खेळण्याहूनही वाईट, कारण ती पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेला लावते.

रानपिंगळ्याच्या बाबतीत नेमकं हेच घडलं. सात नमुन्यांपैकी एक कर्नल रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होता. त्यांचा पक्षिसंग्रह नावाजलेला होता. आपले डॉ. सलीम अली यांनीही १९३७ साली त्यांच्याबरोबर अफगाणिस्तानचा दौरा केला होता. माइनर्ट्‌झहागेन यांच्या चिठ्ठीनुसार त्यांना रानपिंगळा मिळाला तो ऑक्टोबर १९१४ मध्ये, गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला. म्हणजे पक्षी निदान १९१४ पर्यंत होता आणि तोही मांडवीला होता, असं पुस्तकांत छापलं गेलं. एवढ्या मोठ्या माणसाच्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार?

सलीम अली आणि अमेरिकेचे डिलन रिप्ले यांच्यासारख्या दिग्गजांनी पुढं रानपिंगळ्याचा शोध घेतला. हाती काही लागलं नाही. मध्येच कुणाच्या छायाचित्रात तो सापडल्याची बातमी येई आणि नीट पाहिल्यावर तो साधा पिंगळाच निघे. हळूहळू जाणकार म्हणू लागले, की पक्षी बहुधा नामशेष झाला. खापर जंगलतोडीवर फुटलं. त्यात तथ्यही होतं. पण रान तुटलं हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की लोक भलत्या ठिकाणी शोधत होते.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकेतल्या अभ्यासक भारतीय उपखंडातल्या पक्ष्यांवर काम करत होत्या. तोवर माइनर्ट्‌झहागेन यांच्या संग्रहाबद्दल संशय बळावला होता. १९९३ साली ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या इतर पक्ष्यांच्या बाबतीत अफरातफर झाल्याचं दाखवून दिलं होतं. रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी रानपिंगळ्याचे सगळे नमुने पुन्हा तपासायला घेतले. क्ष-किरण छायाचित्रं काढली. आतला कापूस पाहिला, पंख कसे बसवलेत, टाके कसे घातलेत ते पाहिलं. प्रत्येक संग्राहकाची पक्षी भरायची हातोटी वेगळी असते. जसं दोन शिंप्यांची शिलाई एक नसते, तसंच हे. १९१४ची चिठ्ठी लावलेला पक्षी पुन्हा उसवून भरलेला होता. मात्र मूळ कारागिरीच्या ज्या खुणा उरल्या होत्या, त्या डेव्हिडसन यांच्या हाताच्या होत्या. निष्कर्ष सरळ होता. माइनर्ट्‌झहागेन यांनी डेव्हिडसन यांचा नमुना संग्रहालयातून चोरला, थोडा बदलला आणि त्याला आपली चिठ्ठी लावली. हा अभ्यास १९९९ साली ‘आयबिस’ या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

चोरी पकडल्याचं समाधान वेगळं. पण त्यातून कामाची गोष्ट निघाली ती अशी, की मांडवी नकाशावरून पुसलं गेलं. उरली ती खरी ठिकाणं : पूर्वेला फुलझर आणि खरियार, पश्चिमेला तळोदा आणि शहादा. नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघं भारतात आले. आधी पूर्वेकडची ठिकाणं धुंडाळली, तिथं निराशा झाली. मग ते शहाद्याला पोचले. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, एका उघड्या फांदीवर, कोऱ्या माथ्याचं आणि पांढऱ्या पायांचं ते घुबड बसलेलं होतं. डेव्हिडसन यांच्या शेवटच्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा झाला तो पुढच्या वर्षी, १ जुलै १९९८ रोजी.

विचार करण्यासारखी गोष्ट आहे. या ११३ वर्षांत पक्षी कुठं गेला नव्हता. इथल्या गुराख्यांच्या आणि मोहफुलं वेचणाऱ्यांच्या डोक्यावरच्या फांदीवर तो बसत होता. त्यांनी तो पाहिलाही असणार. पण पाहिलेलं लिहून ठेवणारा कुणी नव्हता, आणि जे लिहिलेलं होतं त्यात एक खोटं मिसळलं होतं.

पुढं बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी काम हाती घेतलं. १९९८-९९ मध्ये १४ जंगलांत पाहणी झाली. उत्तर महाराष्ट्र आणि नैऋत्य मध्य प्रदेशातल्या चार ठिकाणी मिळून २५ पक्षी दिसले. तोरणमाळ आणि तळोद्याची जंगलं त्यांत महत्त्वाची ठरली. मेळघाटात तो मिळाला, यावलला मिळाला. २०१४ साली तर थेट ठाणे जिल्ह्यातल्या तानसा अभयारण्यात त्याची नोंद झाली. त्यानंतर गुजरातेत डांगच्या पूर्णा अभयारण्यातही तो आढळला. २०१८ साली त्याला आंतरराष्ट्रीय यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ या वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणण्यात आलं. याचा अर्थ पक्षी वाढले असा कुणी घेऊ नये. आपल्याला माहीत असलेली ठिकाणं वाढली, एवढाच त्याचा अर्थ. जगात आजही हे प्रौढ पक्षी हजाराच्या आतच असावेत, असा अंदाज आहे.

आता त्याच्या नावाचा वाद. शास्त्रीय नावात आडनाव आधी येतं आणि नाव नंतर. ह्यूम यांनी या पक्ष्याला ‘हेटेरोग्लॉक्स ब्लेविटाय’ म्हटलं. हेटेरोग्लॉक्स म्हणजे ग्रीक भाषेत निराळं घुबड. म्हणजे आडनाव त्याचं एकट्याचं, घराण्यात दुसरं कुणी नाही. साध्या पिंगळ्याचं आडनाव ‘अथेनी’. ते ग्रीकांच्या अथेना देवीवरून आलं आहे. आपल्याकडे घुबड दिसलं की अपशकुन मानतात. ग्रीकांनी मात्र आपल्या विद्येच्या देवीजवळ त्याला जागा दिली. त्यांच्या एक युरोच्या नाण्यावर आजही हेच घुबड आहे. १९७६ साली रिप्ले यांनी मत मांडलं, की रानपिंगळासुद्धा अथेनी घराण्यातलाच आहे. पक्षी पुन्हा सापडल्यावर रासमुसेन आणि कॉलर म्हणाले, की नाही, त्याची हाडं, ठेवण आणि सवयी निराळ्या आहेत, ह्यूमच बरोबर होते. अखेर २०१८ साली भारतीय संशोधकांच्या गटानं जनुकांची तपासणी केली. तीत रानपिंगळा अथेनी घराण्याच्या आतच बसला.

आडनाव बदललं म्हणून पक्ष्याला काय फरक पडतो, असं कुणी विचारील. पक्ष्याला पडत नाही, आपल्याला पडतो. संरक्षणासाठी पैसा आणि माणसं मोजकी असतात. घराण्यातला एकुलता एक असेल तर तो आधी वाचवावा, असा विचार होतो. म्हणून असं वर्गीकरण प्रामाणिकपणे व्हावं लागतं. दुर्मीळ पक्षी अधिक महत्त्वाचा वाटावा म्हणून त्याला एकुलता ठरवणं, हीसुद्धा एक खोटी चिठ्ठीच झाली असती. २०१८च्या अभ्यासानं रानपिंगळ्याला भाऊबंद मिळवून दिले. तो स्वतंत्र जात आहे, आणि मध्य भारताखेरीज जगात कुठं नाही, हे दोन्ही मुद्दे मात्र जसेच्या तसे राहिले.

उलट बाजूचं उदाहरण समुद्रावरचं आहे. न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर स्टॉर्म पेट्रेल नावाचा एक इवलासा समुद्रपक्षी आहे. एकोणिसाव्या शतकातले त्याचे तीन नमुने तेवढे संग्रहालयांत होते, आणि काही तज्ज्ञ ती निराळी जात मानायलाही तयार नव्हते. नेहमीच्याच एका पेट्रेलचा तो थोडा वेगळा दिसणारा प्रकार, असं त्यांचं म्हणणं होतं. ज्याला स्वतंत्र नावच नाही त्याला शोधायला कोण जाणार? २००३ साली पक्षीनिरीक्षकांना तो पक्षी समुद्रावर जिवंत दिसला. पुढं डीएनए तपासणीनं तो स्वतंत्र असल्याचं नक्की केलं. मग प्रश्न आला, की हा अंडी कुठं घालतो? समुद्रावर पक्षी पकडून त्यांच्या अंगावर बारीक रेडिओयंत्रं बसवली, आणि २०१३ साली लिटल बॅरियर या बेटावरच्या जंगलात त्यांची वीण सापडली. त्या बेटावरून मांजरं १९८० मध्ये आणि उंदीर २००४ मध्ये हटवलेले होते. ते हटवले तेव्हा तिथं पेट्रेल विणतात हे कुणालाच माहीत नव्हतं.

समुद्र असो की सातपुडा, पक्षी दिसणं ही पहिली पायरी. तो वीण कुठं करतो हे कळणं ही खरी पायरी, कारण पक्ष्याची जात टिकते ती घरट्यात. रानपिंगळ्याच्या विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे. जानेवारी-फेब्रुवारीत जोड्या जुळतात, आणि तेव्हा त्यांच्या हाका रानात सर्वांत जास्त ऐकू येतात. झाडाच्या ढोलीत मादी दोन, क्वचित तीन अंडी घालते. ढोली जमिनीपासून पाच ते आठ मीटर उंचीवर असते. मादी ढोलीत असताना नर शिकार करून आणतो. पिल्लांना मादी भरवते. साधारण ३० ते ३२ दिवसांत पिल्लं ढोलीबाहेर पडतात. खाण्यात निम्म्याहून अधिक वाटा सरडे आणि सापसुरळ्यांचा. त्याखालोखाल उंदीर, बेडूक, किडे. काही घरट्यांत नरानंच पिल्लं खाल्ल्याचंही अभ्यासकांनी पाहिलं आहे. म्हणजे आधीच अंडी दोन-तीन, त्यांतली सगळी पिल्लं मोठी होतील याची खात्री नाही. असा पक्षी झपाट्यानं वाढत नसतो.

त्याची खरी गरज म्हणजे ढोलीचं झाड. ढोली व्हायला झाड जुनं लागतं, आणि जुनं, पोकळ, वाळलेलं झाडच सरपणासाठी किंवा शेत मोकळं करण्यासाठी आधी तुटतं. नवं रोपवन केलं तरी त्यातल्या सागाला ढोली यायला कैक वर्षं जावी लागतात. हिरवळ दिसते, पण घर नसतं.

इथं एक अवघड गोष्ट बोलायलाच हवी. सरदार सरोवराच्या बुडितात महाराष्ट्रातली ३३ गावं आली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. त्यांतल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी १९९० पासूनच्या काही वर्षांत तळोद्याची सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन काढून देण्यात आली. डेव्हिडसन यांनी ज्या तळोद्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं होतं, तेच हे तळोदा. ज्यांची घरं पाण्याखाली गेली त्यांना जमीन मिळायलाच हवी होती. रान मात्र कमी झालं हेही खरं. पक्ष्याची बाजू घ्यायची म्हणून माणसांना दोष देणं सोपं आहे आणि ते अन्यायाचं आहे. शहाद्याजवळचा पक्षी १९९७ साली जिवंत सापडला तो कुंपणातल्या अभयारण्यात नव्हे, माणसांचा वावर असलेल्या रानात. म्हणजे माणूस आणि रानपिंगळा एकत्र राहू शकतात, जुनी झाडं उभी ठेवली तर.

मग आपण काय करायचं? रानपिंगळा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला मारणं, पकडणं हा गंभीर गुन्हा आहे. तरीही अपशकुनाच्या भीतीनं किंवा जादूटोण्यासाठी घुबडांचा जीव घेतला जातो, आणि गलोलीनं पक्षी टिपण्याची हौसही गेलेली नाही. शाळेतल्या मुलांना एवढं सांगितलं, की हे घुबड उंदीर खातं आणि जगात फक्त आपल्याच भागात राहतं, तरी पुष्कळ होईल. शेताच्या बांधावरचं ढोलीचं एखादं झाड राखलं तर त्याहून अधिक होईल. पक्षी पाहायला बाहेरून येणाऱ्या हौशी मंडळींनीही पथ्य पाळावं. विणीच्या दिवसांत रेकॉर्ड केलेल्या हाका वाजवून पक्ष्याला बाहेर बोलवू नये. दुसरा नर आला असं समजून तो शिकार आणि पिल्लं सोडून भांडायला येतो. ढोलीजवळ गर्दी करू नये आणि घरट्याची जागा जाहीर करू नये.

आणि पक्षी दिसलाच, तर वहीत तीन ओळी लिहाव्यात. तारीख, जागा आणि पाहणाऱ्याचं नाव. माथ्यावर ठिपके होते की नव्हते, हे खात्रीनं सांगता येत नसेल तर तसंच लिहावं. एका खोट्या चिठ्ठीनं हा पक्षी कित्येक वर्षं माणसांच्या नजरेआड ठेवला, आणि शंभर वर्षांपूर्वीच्या काही खऱ्या चिठ्ठ्यांनी तो परत मिळवून दिला. खापरपासून शहाद्यापर्यंतच्या रानात राहणाऱ्या माणसांइतकं हे काम दुसऱ्या कुणाला जमण्यासारखं नाही.